कमरेचं भविष्य

मराठी माणसाचा भविष्यावर विश्वास आहे. फक्त ते डॉक्टरनं सांगितलेलं त्याला चालत नाही. गुरुजींनी पत्रिका उघडून 'पुढची अडीच वर्षं जरा जपून' एवढंच म्हटलं, की तो शनिवारी मारुतीला तेल घालतो, स्कूटर हळू चालवतो, भावाशी जमिनीवरून घालायचा वादसुद्धा पुढं ढकलतो. गुरुजींनी पुरावा दिलेला नसतो आणि यानं मागितलेला नसतो. तेच डॉक्टरनं रिपोर्टावर बोट ठेवून 'पुढच्या काही वर्षांत तुम्हाला मधुमेह होण्याची शक्यता आहे, जरा जपून' म्हटलं, की त्याच माणसाच्या अंगात आगरकर संचारतात. हे कशावरून? लॅब कुठली? मशीन नीट होतं का? आमच्या घराण्यात तर कोणालाच नाही! आजोबांचा पाय कापावा लागला होता खरा, पण तो 'जखम चिघळली म्हणून'.

या शंकासुराला एकच शब्द गप्प करतो: बॉर्डर. 'तुमची शुगर बॉर्डरवर आहे' हे ऐकून तो जो सुखावतो, तसा 'नॉर्मल आहे' ऐकूनही सुखावत नाही. नॉर्मल म्हणजे पैसे वाया गेले. मधुमेह म्हणजे साखर गेली. बॉर्डर म्हणजे पैसेही वसूल आणि जिलबीही शाबूत. आमच्या सोसायटीतले एक काका दहा-बारा वर्षं बॉर्डरवर आहेत. लष्करातली माणसंसुद्धा मधूनमधून बदली होऊन घरी येतात. काका हलायला तयार नाहीत. लग्नाच्या पंगतीत कोणी टोकलं, की 'अजून काही नाही हो, बॉर्डरवरच आहे' म्हणून ते दुसरी वाटी बासुंदी ओढून घेतात.

ही बॉर्डर कुठून कुठं जाते ते एकदा सांगून टाकतो, कारण तिच्यावर राहणाऱ्यांनाही ते माहीत नसतं. उपाशीपोटी १०० ते १२५. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९. तीन महिन्यांची म्हणतात ती एचबीए१सी ५.७ ते ६.४. यांच्या अलीकडं निरोगी, पलीकडं मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज असा, की देशात बॉर्डरवर १३ कोटी ६० लाख लोक आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे तेव्हाचा अख्खा महाराष्ट्र, तान्ह्या पोरांसकट, बॉर्डरवर नेऊन उभा केला तरी वर सव्वादोन-अडीच कोटींची जागा उरते. ज्यांनी बॉर्डर ओलांडली ते आणखी १० कोटी १० लाख. मधुमेहाच्या प्रमाणात पहिला नंबर गोव्याचा, २६.४ टक्के. गोव्यात चारचौघांत बसलात, तर चौथ्याला चहा विचारताना साखरेचं आधी विचारावं.

गंमत अशी, की ही बॉर्डर जाग्यावर राहत नाही. १९९७ पर्यंत उपाशीपोटी १४० झाल्याशिवाय कोणी तुम्हाला मधुमेही म्हणत नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या तज्ज्ञांची समिती बसली आणि तिनं तो आकडा १२६ वर आणला. १३० वाला जो गृहस्थ रात्री मोदक खाऊन निरोगी झोपला होता, तो सकाळी रोगी म्हणून उठला. मधे त्यानं फक्त कूस बदलली होती. २००३ साली पुन्हा समिती बसली. या वेळी तिनं खालची रेघ ११० वरून १०० वर आणली. जिनिव्हातली जागतिक आरोग्य संघटना मात्र ११० लाच चिकटून राहिली. परिणामी १०५ शुगर असलेला माणूस अमेरिकेत बॉर्डरवर असतो आणि जिनिव्हात सुखरूप. आमच्या काकांना हे कळलं तेव्हापासून ते जिनिव्हाबद्दल फार आदरानं बोलतात. तज्ज्ञांची बाजूही सांगायला हवी: त्यांनी आकडे हवेतून काढले नव्हते. १२६ च्या आसपासपासूनच डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडायला लागतात, असं त्यांना पाहण्यांत दिसलं होतं. शरीर निसर्गाचं असलं तरी रेघ माणसाला मारावी लागते, आणि माणूस म्हटला की समिती आलीच.

त्यात लंडनला असलेल्या मुलाचा फोन येतो. 'आई, टेस्ट केली. माझी शुगर सहा आली.' सांगलीत आई मटकन खाली बसते. सहा? साठच्या खाली चक्कर येते म्हणतात, आणि याची सहा? जेवतोस का नाही तिकडं? तिकडं मिलिमोलमध्ये मोजतात, सहाला अठरानं गुणायचं, एकशेआठ होतात, हे मुलगा समजावून सांगेपर्यंत आईनं लाडवांचं पार्सल पाठवायचं नक्की केलेलं असतं. म्हणजे मुलाची शुगर बॉर्डरवर आहे, आणि पलीकडं ढकलायची व्यवस्था सांगलीतून होते.

आता लॅब. सकाळी साडेसातला कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन बसा. चहा न मिळालेला मराठी समाज एकत्र बघायला मिळण्याची ती एकमेव जागा आहे. कोणी कोणाशी बोलत नाही. पंख्याच्या वेगावरून भांडणं होतात. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला तेच विचारते. 'काका, फास्टिंग आहे ना? काही घेतलं नाही ना?' 'नाही.' 'चहा?' 'चहा घेतला. पण बिनसाखरेचा.' 'दूध घातलं होतं?' 'दुधाशिवाय चहा कसा होईल?' मागच्या काकू पुढं होऊन सांगतात, 'माझं काही झालेलं नाही हं. आज चतुर्थी. पहाटे नुसती साबुदाण्याची खिचडी घेतलीय.' मुलगी डोळे मिटते. आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही, हा नियम ज्या प्रांतात उपासाला शेंगदाणे, रताळं, बटाटा आणि वरून दही चालतं, तिथं समजावून सांगणं हे नोकरीच्या पगारात बसणारं काम नाही.

फास्टिंगनंतर पीपी. जेवून दोन तासांनी परत यायचं. पुरुषांची इथं दोन जातींत विभागणी होते. पहिली जात रिपोर्ट चांगला यावा म्हणून अर्धी भाकरी आणि काकडी खाऊन येते. दुसरी जात 'डॉक्टरांनी नेहमीसारखं जेवा म्हटलंय' या वाक्याचा आधार घेऊन लॅबशेजारच्या उडप्याकडं शिरा, इडली, मेदूवडा आणि फिल्टर कॉफी मागवते. बायकोसमोर, उजळ माथ्यानं. 'टेस्टसाठी खावं लागतंय' असा चेहरा करून. एरवी याच माणसाच्या चहातला साखरेचा चमचा मोजला जातो.

पण खरी मेजवानी ग्लुकोजच्या पाण्याची. तीनेकशे मिलिलिटर पाण्यात पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण पंधरा चमचे, पाच मिनिटांत संपवायचं. घरात ज्याला गुळाचा खडा मिळत नाही, त्याला पांढऱ्या कोटातला मुलगा ग्लास हातात देऊन 'लवकर प्या काका' म्हणून आग्रह करतो. तीन घोटांनंतर मळमळायला लागतं, ही गोष्ट निराळी. पुढचे दोन तास एका जागी बसून राहायचं असतं. काका बसत नाहीत. कोणीतरी सांगितलेलं असतं, की चाललं की शुगर उतरते. ते खरंही आहे. म्हणून तर चालू देत नाहीत. तरी काका 'जरा मोकळ्या हवेत' म्हणून बाहेर पडतात आणि लॅबला प्रदक्षिणा घालतात.

कारण मूळ समज असा, की टेस्ट ही फसवायची गोष्ट आहे. तारीख ठरली की घरात तीन दिवस संन्यास येतो. भात बंद. पोळी बंद. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, आणि कोणीतरी कोकणातून आणलेला बिबळ्याच्या लाकडाचा पेला, ज्यात रात्री ठेवलेलं पाणी सकाळी तपकिरी होतं आणि बघूनच औषधी वाटतं. चौथ्या दिवशी काका हलक्या पोटानं आणि जड आत्मविश्वासानं लॅबमध्ये जातात. इथं शरीर त्यांच्यावर सूड उगवतं. तीन दिवस धान्य बंद केलं, की शरीराची साखर हाताळायची सवय तात्पुरती मोडते, आणि चौथ्या दिवशी एकदम पंधरा चमचे आले की ते गोंधळतं. दोन तासांची शुगर असते त्यापेक्षा जास्त निघू शकते. म्हणूनच या टेस्टआधी तीन दिवस रोज किमान दीडशे ग्रॅम कर्बोदकं खा, म्हणजे नेहमीसारखं जेवा, असा नियमच आहे. मुगाची खिचडी खाऊन गेले असते तर पास झाले असते, ते काका कारल्यामुळं नापास होतात आणि घरी येऊन कारल्याचं प्रमाण वाढवतात.

या सगळ्या कारवाया एचबीए१सीनं उधळून लावल्या. मूळ शोध तेहरानचा. १९६८ साली सॅम्युएल रहबार नावाच्या इराणी शास्त्रज्ञाला मधुमेहींच्या रक्तात एक निराळं हिमोग्लोबिन दिसलं. पुढं उलगडा झाला, की रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते चार महिन्यांच्या आसपास. त्यामुळं टेस्टच्या आदल्या तीन दिवसांत तुम्ही ऋषी झालात तरी त्याआधीचं सगळं तिच्याकडं जमा असतं: सत्यनारायणाचा शिरा, साहेबांच्या निवृत्तीची बर्फी, रात्री अकराला फ्रिजच्या उजेडात उभ्या उभ्या खाल्लेलं आम्रखंड. बायकोला न कळलेलं आम्रखंड पेशीला कळतं. २०१० पासून अमेरिकेत आणि २०११ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी नुसत्या या एका आकड्यावरही मधुमेहाचं निदान करता येतं. पण ही टेस्टही साक्षीदार म्हणून अगदी धुतल्या तांदळासारखी नाही. रक्तात लोह कमी असलं तर आकडा असतो त्यापेक्षा वर सरकू शकतो, आणि आपल्याकडच्या किती बायकांच्या रक्तात लोह पुरेसं असतं हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा एखाद्या काकूंची तीन महिन्यांची जरा वर आली म्हणून लगेच साखरेचा डबा कुलपात ठेवू नये. आधी हिमोग्लोबिन बघावं.

घरोघरी आलेल्या ग्लुकोमीटरनं तर करमणुकीचा नवाच प्रकार दिला. पूर्वी गच्चीवर पत्ते कुटायचे, आता बोटं टोचतात. काही मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलाखाली फास्टिंगचा आकडा टाकायची प्रथा आहे. ९८ वाल्याला अंगठे मिळतात, १६० वाल्याला सल्ले. यंत्राबद्दल एकच सांगतो: आंतरराष्ट्रीय मानकानुसार शंभराच्या वर पंधरा टक्के इकडंतिकडं त्याला माफ आहे. लॅबमध्ये खरी १२० असेल तर यानं १०२ दाखवले तरी यंत्र चांगलं आणि १३८ दाखवले तरी चांगलंच. ज्याला मधुमेह आहे त्याला रोजचा अंदाज घ्यायला ते उत्तम. ज्याला आहे की नाही हेच ठरायचं आहे, त्यानं यंत्राच्या भरवशावर पेढेही वाटू नयेत आणि रडूही नये. आणि हात धुवावेत. नातवंडांसाठी हापूस कापून, स्वतः फोडीलाही न शिवता, त्याच बोटाला सुई टोचली तर आकडा थेट तीनशेच्या घरात जाऊ शकतो. तो आंब्याचा रिपोर्ट असतो.

एवढं सगळं सोसायच्या आधी, सुई न टोचता, भविष्य सांगायची सोय मात्र आपल्याच देशात तयार झाली आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण ती फुकट आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली शंभर गुणांची एक पद्धत काढली, इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअर. प्रश्न फक्त चार. वय: पस्तिशीच्या आत शून्य, पन्नाशीपर्यंत २०, पन्नाशीला ३०. आईवडील: एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना तर २०. व्यायाम: अंगमेहनतीचं काम आणि वर व्यायाम करणाऱ्याला शून्य, बसून काम आणि व्यायामाच्या नावानं पूज्य असेल त्याला ३०. आणि कंबर: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत शून्य, ९० ते ९९ ला १०, शंभरावर २०; बायकांना हेच ८० आणि ९० ला. बेरीज साठ किंवा वर गेली की धोका मोठा, लॅबमध्ये जा. ही पद्धत न कळलेल्या मधुमेहाच्या शंभरातल्या सुमारे बहात्तर जणांना पकडते आणि निरोगी शंभरातल्या चाळीसेक जणांनाही उगाच घाबरवते. म्हणजे ती काही ब्रह्मवाक्य नव्हे. पण आपण किती वेळा चुकतो हे कागदावर छापून देणारा ज्योतिषी मी तरी अजून पाहिलेला नाही.

त्या शंभरांची फोड बघा. वय आणि आईवडील मिळून पन्नास, ते दैवाचे. कंबर आणि व्यायाम मिळून पन्नास, ते आपले. दैव आणि प्रयत्न यांत कोण मोठं यावर आपल्याकडं इतकी कीर्तनं झाली, आणि चेन्नईच्या डॉक्टरांनी पन्नास-पन्नास करून विषय मिटवला. दैवाच्या पन्नासांत खोटं बोलून उपयोग नाही. खरा घोळ आपल्या पन्नासांत.

विशेषतः कमरेत. कुठल्याही मराठी पुरुषाला कंबर विचारा, तो क्षणात 'चौतीस' सांगतो. हा पँटचा नंबर आहे. लग्नात चौतीस होता, आजही चौतीसच आहे, कारण पँट वर्षानुवर्षं खाली खाली सरकत पोटाच्या पायथ्याशी येऊन थांबली आहे आणि पोट तिच्यावरून दरीत डोकावतंय. कंबर तिथं मोजायची नसते. शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजायची. तिथं टेप लावला की चौतीसचे चाळीस होतात, आणि चाळीस इंच म्हणजे जवळपास १०२ सेंटिमीटर. हे सत्य महाराष्ट्रात फक्त शिंप्यांना माहीत होतं, पण ते बिचारे आकडा हळूच वहीत लिहून 'साहेब, जरा ढिली ठेवू का?' एवढंच विचारायचे. तयार कपडे आले आणि शिंप्याचं ते शेवटचं निदानही गेलं.

आता बारीक वाचकांनी खूश होऊन पान उलटू नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघंही सडपातळ, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण आतली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळंही मोजली. सरासरी २.७ किलो, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन. आपली बाळं हाडामांसानं कमी भरली, पण पाठीवरच्या चरबीत फारशी मागं नव्हती. म्हणजे 'हडकुळा आहे, याला कसली शुगर?' हे वाक्य आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, तो आतून बाळपणापासून साठेबाजी करत असू शकतो.

चरकसंहितेनंही प्रमेह, म्हणजे मधुमेहाच्या जातीचा रोग, होण्याआधीच्या खुणा दिल्या आहेत. तोंड गोड लागणं, हातापायांना मुंग्या, तहान, अंगाला आणि लघवीला मुंगळे लागणं, आणि त्याच यादीत आळस. मुंगळे आपण लॅबच्या हवाली केले. आळसाचं अजून काही ठरलेलं नाही.

उपायांबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात बॉर्डरवरच्या लोकांनी वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं व्रत घेतलं, तेव्हा त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी भरलं. गोळीनं ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली भारतीयांवरच्या अशाच प्रयोगाचे आकडे दिले, तेव्हा चालण्या-खाण्यानं २८.५ टक्के फरक पडला, आणि गोळीनंही जवळपास तेवढाच. आपल्याकडं निम्माच का, याची शास्त्रीय कारणं असतील. माझा संशय पर्वतीच्या पायथ्याशी मिसळ मिळते यावर आहे. खाण्याचं म्हणाल तर मधे एक काळ असा आला, की नवरा डॉ. दीक्षितांच्या डाएटचा, दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणारा, आणि बायको ऋजुता दिवेकरांची, दर दोन तासांनी खाणारी. त्या घरांत शुगर उतरली का ते माहीत नाही, पण एका ताटात जेवायचा प्रश्न मिटला.

बॉर्डरवरच्या काकांचे गुण मी काढले. वय ३०, कंबर १०, व्यायाम नाही म्हणून ३०, वडिलांना होता म्हणून १०, एकूण ऐंशी. त्यांनी विचारलं, 'चालायला लागलो आणि पोट कमी केलं तर?' थोडंफार चालून व्यायामाचे तीसचे वीस होतील, कंबर नव्वदच्या आत आली की दहा जातील; साठ. 'म्हणजे तरी धोका मोठाच ना? मग चालू कशाला?' काकांचं गणित बरोबर आहे आणि निष्कर्ष चूक. हे गुण टेस्ट कोणी करून घ्यायची ते ठरवायला आहेत. चालण्याचा उपयोग पायांना, हृदयाला, स्वादुपिंडाला कळतो. त्यासाठी गुणपत्रिका लागत नाही. काका यावर 'बघू' म्हणाले.

तेव्हा वाचकहो, घरातल्या शिवणाच्या डब्यात टेप असतो, तो काढा. श्वास आत ओढू नका, कोणी बघत नाहीये. आईवडिलांपैकी कोणाला काय होतं ते एकदा मावशीला किंवा आत्याला फोन करून नीट विचारून घ्या. 'जखम चिघळली' एवढ्यावर सोडू नका. बेरीज साठ किंवा वर गेली, तर आज रात्री रोज जेवता तेच जेवा, सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जा, आणि काउंटरवरच्या मुलीनं चहा घेतला का विचारलं तर खरं सांगा.